व्हॅनसोबत न्यायला दणकट गॅस शेगडी कोणती घ्यावी? (११ माणसं, डिसेंबरात चिखलदरा)

बेसारोडची_भटकी
२९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी बारा सीटची गाडी घेतली, मागच्या सीटा काढून आत झोपायची सोय करून घेतली. आरटीओची मंजुरी वगैरे सगळं रीतसर आहे. नागझिरा, पेंचच्या बाजूचं सिल्लारी, रामटेक अशा दोन-तीन मुक्कामांच्या फेऱ्या होतात. दोघं-चौघं असलो की गॅसच्या कॅनवर चालणारी लहान शेगडी पुरते. चहा, मॅगी, पोहे, झालं.

गेल्या आठवड्यात मात्र खिंडसीला दोन्ही घरची मंडळी मिळून अकरा जण गेलो. तीन किलो मटण, बारा लिटरचा गंज (आमच्याकडचं मोठं पातेलं), आणि शेगडी तीच. तलावावरून वारा सुटलेला. मसाला भाजतानाच अर्धा तास गेला, तेल काही सुटेना. पुढे गंजात पाणी घातलं आणि उकळीची वाट पाहत बसलो. पाऊण तासाने शेगडी खट्‌ आवाज करून आपोआप बंद पडली. कॅनच्या कप्प्याला हात लावला तर चटका बसेल इतका गरम. मी घाबरून शेगडी उचलून लांब ठेवली. पोरांना सासूबाईंनी दही-भात कालवून झोपवलं आणि मोठ्यांनी रात्री साडेअकराला अर्धवट शिजलेलं मटण खाल्लं.

२१ डिसेंबरला अमरावती-परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जातोय. तीन रात्री, हीच अकरा माणसं. मला खरोखर जोरदार आच देणारी, गाडीत मावणारी, गॅसवरची शेगडी हवी आहे. ज्यांनी अशी वापरली आहे त्यांनी सांगावं. आकडे, दुकानं, चुका, सगळं चालेल.


रानवाटेवर
२९ नोव्हेंबर, रात्री १०:०२

ताई, शेगडी कुठली घ्यायची ते नंतर बघू. आधी हे वाचा, कारण तुमचं थोडक्यात निभावलं आहे.

त्या शेगडीत कॅन बर्नरच्या अगदी शेजारी, आडवा असतो. भांडं बर्नरपेक्षा फार मोठं असलं तर त्याचा बूड कॅनच्या झाकणावर येतो आणि खालची आच परत फिरून कॅनवर पडते. कॅन तापला की आतला दाब वाढतो. चांगल्या शेगडीत दाब वाढल्यावर कॅन सोडवून गॅस तोडणारी सोय असते, तुमची शेगडी खट्‌ करून बंद पडली ती त्यामुळेच. ती सोय बिघडलेली असती तर कॅन फुटला असता. या शेगड्यांवर मोठा तवा, ग्रिडल, गंज ठेवू नका असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. दोन शेगड्या चिकटून ठेवून वर एकच मोठं भांडं ठेवणं तर त्याहून वाईट. वाऱ्यासाठी चहूबाजूंनी पत्रा लावणंही तसंच, कॅन त्या पत्र्याच्या आत अडकतो.

आणखी एक. कॅनवर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत ते सहज ओलांडतं. उन्हाळ्यात कॅन गाडीत विसरू नका.

दोन लिटरच्या पातेल्यापर्यंत ती शेगडी उत्तम आहे. तिच्याकडून अकरा माणसांचं मटण मागू नका.


चुलीवरची_चव
२९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

माझं मत वेगळं आहे. तुम्हाला जोरदार शेगडी नकोच आहे, तुम्हाला दहा लिटरचा कुकर हवा आहे. आम्ही चौदा जण असतो. घरचीच दोन बर्नरची स्टीलची शेगडी नेतो, एका बर्नरवर कुकर, दुसऱ्यावर कढई. मटण आधी कढईत परतायचं, मग कुकरला लावायचं. चाळीस मिनिटांत मऊ. चिखलदरा अकराशे मीटर उंच, तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या गंजात डाळ आणि मटण शिजायला इथल्यापेक्षा जास्तच वेळ लागणार. कुकरला त्याने फारसा फरक पडत नाही.


बेसारोडची_भटकी
२९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

@रानवाटेवर, वाचून अंगावर काटा आला. ती शेगडी यापुढे फक्त चहाला.

@चुलीवरची_चव ताई, कुकर नक्की घेते, मुद्दा पटला. पण आमच्याकडे सावजी रस्सा गंजातच करायचा असा सासऱ्यांचा आग्रह आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही कुकरमधली तर्री तशी लागत नाही. शिवाय तिसऱ्या दिवशी पुऱ्या आणि भरड्याचे वडे ठरलेत. तेल सतत तापलेलं राहायला आच हवीच ना?


महालचे_आचारीकाका
३० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

बाई, मी लग्नाकार्यात २२ वर्षं सैपाक केला, आता पोरगा करते. मी सांगतो ते आयका.

जोरदार म्हंजे भसाभस पेटणारी भट्टी नोका घेऊ. तिची आच मधोमध एकाच जागी लागते. पाणी उकळाले, भात लावाले बराबर. पण सावजीचा मसाला? खोबरं, खसखस, कांदा तेलात भाजता भाजता मधात जळून जाते अन्‌ कडेले कच्चा रायते. मग रस्सा कडू होते अन्‌ दोष तिखटाले देतेत. मसाल्याले पसरट आच पायजे.

तुमाले बिडाचा डबल रिंगचा बर्नर पायजे. दोन कॉक असतेत. आतली रिंग येगळी, बाहेरची येगळी. मसाला भाजाले दोन्ही मध्यम, उकळी आणाले दोन्ही फुल, अन्‌ मंग रटरट शिजाले फक्त आतली बारीक. शेगडीची उंची कमी पायजे, वीतभर-दीड वीत. बारा लिटरचा गंज भरला का पंधरा-सोळा किलो होते. उंच पायाच्या शेगडीवर सराटा फिरवताना गंज हलला तर काय व्हते ते मी डोळ्यानं पायलं हाय. पोरं आजूबाजूले खेळत असतेत. पाय जाड अँगलचे, खाली रुंद, वरची जाळी हलाले नोको.

इतवारीत लोहाओळीच्या बाजूनं फिरा, अशा शेगड्या टांगून ठेवलेल्या दिसतेत. जाताना गंज सोबत न्या. जाळीवर ठेवून पाहा अन्‌ हातानं दाबून पाहा. डुगडुगली तर सोडून द्या.


बेसारोडची_भटकी
३० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

काका, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी फक्त आच किती मोठी तेवढंच बघत होते. खूप आभार.

आता एक अडचण सांगते. माझा भाऊ टेक्सासला असतो, १५ डिसेंबरला येतोय. तिकडे आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन फिरतो. तो म्हणतो, तिकडची ६०,००० बीटीयूची (बीटीयू हे तिकडचं आचेचं माप) प्रोपेन शेगडी आणतो, दहा मिनिटांत सगळं उकळेल. आणू देऊ का?


परदेशी_विदर्भकर
३० नोव्हेंबर, दुपारी १२:२०

मी प्रतापनगरचा, बारा वर्षांपासून कोलोरॅडोत. इथे दर उन्हाळ्यात आरव्ही घेऊन निघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

इथल्या शेगड्यांचे ढोबळ तीन प्रकार. पहिल्या एक पौंडाच्या छोट्या हिरव्या बाटलीवर चालणाऱ्या, बर्नरला १०,००० बीटीयूच्या आसपास. दुसऱ्या पायांवर उभ्या राहणाऱ्या, २० पौंडाच्या म्हणजे ९ किलोच्या टाकीवर चालणाऱ्या. माझ्याकडे कॅम्प शेफची एक्सप्लोअरर आहे, दोन बर्नर, प्रत्येकी ३०,००० बीटीयू. तिच्यावर मी दिवाळीला पंचवीस माणसांचं केलंय. तिसऱ्या जास्त दाबावर चालणाऱ्या एकेरी भट्ट्या, ५०-६० हजार बीटीयू आणि त्याहून मोठ्या. इथे त्या टर्की तळायला, खेकडे उकळायला किंवा बिअर बनवणारे लोक वापरतात. तुमचा भाऊ बहुतेक यातली म्हणतोय.

आरव्हीच्या बाजूला गॅसचं एक बाहेरचं तोंड असतं, त्यात पाइप खट्‌कन बसतो. तिथून येणारा गॅस आधीच कमी दाबाचा झालेला असतो. जास्त दाबाची भट्टी त्याला लावली तर फुरफुर करते, पेटतच नाही धड. लोक शेगडीला नावं ठेवतात, पण चूक जोडणीची असते. म्हणजे इथेसुद्धा पहिला प्रश्न शेगडी किती ताकदीची हा नसतो. तिला कुठल्या दाबाचा गॅस लागतो आणि आपल्याकडे कुठला येतो, हा असतो.

आता ती नागपूरला आणायची म्हटलं तर पहिली अडचण जोडाची. इथल्या टाकीला आट्यांचा जोड असतो, मोठी प्लास्टिकची चाकी फिरवून बसवतात. आपल्या सिलेंडरला २२ मिलिमीटरचा वरून दाबून बसणारा रेग्युलेटर लागतो. दोन्ही एकमेकांना बसत नाहीत. मधले जुगाडी अडॉप्टर ऑनलाइन मिळतात, पण गॅसच्या बाबतीत मी त्यांना हात लावणार नाही.

दुसरी अडचण गॅसची. इथे प्रोपेन म्हणून जे मिळतं ते किमान ९० टक्के प्रोपेनच असतं. भारतातला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. त्याच जेटमधून, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकातून, ब्युटेनवाला गॅस सोडला तर ज्योत जाडसर, पिवळी होते आणि भांडी काळी होतात. इथे प्रोपेन लागतो कारण थंडी. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाला वायू होणं थांबवतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. नागपूरला याची गरज नाही.

आणि विमानात नेताना वापरलेली शेगडी, जिच्यात गॅसचा वास उरला आहे, ती अडवतात. भाऊ त्याची जुनी आणणार असेल तर तसंही अवघड आहे. त्याला सांगा, त्याऐवजी चांगला हुकवाला वजनकाटा आण. कशाला ते पुढे कुणीतरी सांगेलच.


उष्मागतिकी_४४०
३० नोव्हेंबर, दुपारी ३:०५

वरच्या प्रतिसादाला आकडे जोडतो. शेगडी निवडताना हे मनात असेल तर दुकानदाराच्या सांगण्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

१०,००० बीटीयू म्हणजे सुमारे २.९ किलोवॅट. घरातल्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण अडीच-तीनचा, कॅनवाली २ ते अडीचची. एक किलो एलपीजीत सुमारे १२.८ किलोवॅट-तास उष्णता असते. म्हणजे ३०,००० बीटीयूचा बर्नर पूर्ण सोडला तर ताशी जवळपास ७०० ग्रॅम गॅस खातो आणि ६०,००० चा ताशी १,४०० ग्रॅम. ५ किलोचं सिलेंडर साडेतीन तासांत संपलं.

पण संपण्याआधीच खरी अडचण येते. सिलेंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. तो उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता सिलेंडरच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून घेतो. जितका वेगाने गॅस ओढाल तितकं सिलेंडर गार पडतं. बाहेरून आतल्या द्रवाच्या पातळीपर्यंत दव जमतं, मग बर्फ धरतो. गार झालं की दाब पडतो, दाब पडला की ज्योत मरते. लहान सिलेंडरला पत्रा कमी, त्यामुळे ते लवकर गारठतं. ६०,००० बीटीयूची भट्टी ५ किलोच्या सिलेंडरवर लावणं म्हणजे बोअरवेलच्या बारीक पाइपला मोठी मोटार लावण्यासारखं आहे. मोटार कितीही ओढो, पाणी यायला हवं ना.

यात मिश्रणाची भर. प्रोपेन आधी उडून जातो, तळाला ब्युटेन जास्त उरतो. त्यामुळे सिलेंडर शेवटच्या पाव भागात आलं आणि सकाळची थंडी असली की ज्योत रेंगाळते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. चिखलदऱ्याला डिसेंबरात पहाटे असं काही होणार हे धरून चला.

माझ्या हिशोबाने ५ किलोच्या सिलेंडरवर ७ ते ९ किलोवॅट, म्हणजे २५ ते ३० हजार बीटीयू, एवढी शेगडी एका जेवणापुरती आरामात चालते. त्याच्या वर जायचं तर सिलेंडर मोठं हवं किंवा दोन हवीत.

अजून एक समज दूर करतो. जोरदार शेगडीने गॅस वाचत नाही, वेळ वाचतो. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर गेली की ती उष्णता वाऱ्याला दिली.


चुलीवरची_चव
३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१८

हेच तर मी म्हणत होते, कुकरने गॅसही वाचतो. पण काकांचा मसाल्याचा मुद्दा मला मान्य आहे. कुकर आणि डबल रिंग दोन्ही न्या.

सिलेंडर कुठलं नेणार? आमच्या ओळखीतले एक जण घरचं १४.२ किलोचं टाकून नेतात. तसं करू नका. घरगुती सिलेंडर घरातल्या स्वयंपाकासाठीच आहे, बाहेर वापरणं नियमात बसत नाही. शिवाय ते भरलेलं तीस किलोच्या आसपास भरतं, गाडीत चढवताना कंबर जाते.


रानवाटेवर
३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

५ किलोचं घ्या. इंडेनचं ‘छोटू’ नावाने मिळतं, इतर कंपन्यांचीही आहेत. गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळतं. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. प्रवासात संपलं तर वाटेत दुसरं बदलून मिळण्याची शक्यता असते, हा सगळ्यात मोठा फायदा. तीन दिवस अकरा माणसांना मी दोन नेली असती.

घेताना सिलेंडरच्या वरच्या कड्याजवळ दोन गोष्टी बघा. एक, रिकामं वजन कोरलेलं असतं. दुसरं, पुढच्या तपासणीची मुदत, ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, याच क्रमाने डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटलेलं असेल तर घेऊ नका.

वजनकाटा याचसाठी. हुकला लटकवलं, रिकामं वजन वजा केलं की किती गॅस उरला ते कळतं. सिलेंडर हलवून अंदाज घेण्यापेक्षा कितीतरी बरं.


महालचे_आचारीकाका
३० नोव्हेंबर, रात्री ८:४५

रेग्युलेटरचं कोणी बोललं नाही. बाजारात हाय प्रेशरचा रेग्युलेटर भेटते, चावी फिरवली का आच वाढते. आमच्या भट्टीले थोच लागते. पण तुमाले नोको. ज्याले रोजची सवय हाय त्यानं वापरावा. शेगडी घेताना दुकानदाराले साफ विचारा, कमी दाबाची का जास्त दाबाची. कमी दाबाची डबल रिंग मागा, घरच्यासारख्याच रेग्युलेटरवर चालते. ताशी किती किलो गॅस सोडते ते रेग्युलेटरवर पाहून घ्या, शेगडीचं खाणं त्याच्याहून जास्त नोको.

अन्‌ पाइप जाड घ्या, आयएसआयचा, आतून तारेची जाळी असलेला. सैपाक आटोपला का पयले सिलेंडर बंद करजा, पाइपातला गॅस जळू द्या, मंग शेगडीचा कॉक.


बेसारोडची_भटकी
१ डिसेंबर, सकाळी १०:१२

एक राहिलंच. पाऊस आला किंवा रात्री फार थंडी असली तर गाडीचं मागचं दार उघडं ठेवून आतच शेगडी लावली तर? दार पूर्ण उघडं असेल. माझे मिस्टर म्हणतात चालतं.


रानवाटेवर
१ डिसेंबर, सकाळी १०:२५

नाही ताई. कृपा करून नाही.

२६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत उभ्या असलेल्या रेल्वेच्या खासगी पर्यटक डब्यात आग लागली. यात्रेकरूंनी आत सिलेंडर नेलं होतं, पहाटे चहा करायला घेतला होता. किमान नऊ माणसं गेली. डबा उभा होता, तरीही.

गॅस हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. गळाला की वर उडून दाराबाहेर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, सीटखाली, पायऱ्यांच्या खोलगट जागेत साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगी पुरते. आणि गळला नाही तरी बंदिस्त जागेत एवढी मोठी ज्योत कार्बन मोनॉक्साइड तयार करते. त्याला वास नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणूस झोपतो.


परदेशी_विदर्भकर
१ डिसेंबर, सकाळी ११:४०

पूर्ण सहमत. इथल्या आरव्हीत टाक्या गाडीच्या बाहेर असतात किंवा आतल्या भागापासून पूर्ण तोडलेल्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याची भोकं तळाला असतात, जड गॅस खालून निघून जावा म्हणून. गॅस गळती ओळखणारं यंत्रही जमिनीलगत बसवतात. एवढं असून ही उंच शेगडी आम्ही बाहेरच लावतो, छताखालीही नाही.

पावसासाठी वेगळा बेत ठेवा. त्या रात्री पोळी-चटणी, चिवडा खा. स्वयंपाक रद्द करता येतो.


बेसारोडची_भटकी
१ डिसेंबर, दुपारी १:३०

मिस्टरांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण तासाभरात स्वतःच गाडीच्या मागे सिलेंडर उभं बांधायला पट्टे आणि बाहेर ठेवायला घडीचं टेबल घेऊन आले. आत शेगडी लागणार नाही.


बेसारोडची_भटकी
१४ डिसेंबर, रात्री ८:५०

शेगडी घेतली! काकांनी सांगितल्याप्रमाणे गंज घेऊन इतवारीत गेलो. पहिल्या दोन दुकानांत गंज ठेवून दाबला तर जाळी हलली. तिसऱ्या ठिकाणी मिळाली. बिडाची डबल रिंग, कमी दाबाची, दोन कॉक, उंची दीड वीत. दुकानदाराने साधारण ८ किलोवॅट सांगितलं. वजन सात किलो, म्हणजे हलकी नाही, पण गंज ठेवला की जागची हलत नाही.

आज अंगणात चाचणी घेतली. जोडांवर साबणाचा फेस लावून बघितला. सिलेंडरच्या जोडाला बुडबुडे आले! रेग्युलेटर काढून बघितलं तर सिलेंडरच्या तोंडातलं काळं रबरी वायसर चिरलेलं होतं. एजन्सीत जाऊन बदलून घेतलं, पुन्हा फेस लावला, मग बुडबुडा नाही. घरी तपासलं म्हणून कळलं. गळतीसाठी १९०६ हा नंबर गाडीत मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवलाय.

मग आठ लिटर पाणी, २४ अंशांपासून. कॅनच्या शेगडीवर लहान पातेल्यात दोन-दोन लिटर करून चारदा केलं, सगळं मिळून ४१ मिनिटं. नव्या शेगडीवर एकाच गंजात १३ मिनिटं. गॅस काट्यावर १४० ग्रॅमच्या आसपास गेला.


उष्मागतिकी_४४०
१४ डिसेंबर, रात्री ९:२५

आकडे जुळतात. ८ लिटरला ७६ अंश चढवायला सुमारे ०.७ किलोवॅट-तास लागतात. तुम्ही १४० ग्रॅम म्हणजे १.८ च्या आसपास जाळले, म्हणजे साधारण ४० टक्के उष्णता पाण्यात गेली. उघड्यावर हे ठीक आहे. गंजावर झाकण ठेवा आणि ज्योत बुडाच्या आत राहील इतकीच सोडा, यात सुधारणा होईल. वाऱ्याला आडोसा फक्त शेगडीला करा, सिलेंडर आडोशाच्या बाहेर, पाइपच्या लांबीइतकं दूर.


महालचे_आचारीकाका
१४ डिसेंबर, रात्री ९:५०

वायसर पायलं हे लय बेस केलं बाई. आमच्या हाताखालच्या पोरायले मी दर वेळी तेच सांगतो.


बेसारोडची_भटकी
२५ डिसेंबर, संध्याकाळी ५:४०

परत आलो. लिहायचं राहू नये म्हणून गाडी धुवायच्या आधी बसले आहे.

मुक्काम एका खासगी जागेत, मालकाला आधी विचारून. शेगडीची जागा आधी झाडून घेतली. सागाची वाळलेली पानं सगळीकडे पडलेली, फुटभर उंचीचा ढीग झाला. मालक म्हणाले, फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम, तेव्हा ते बाहेर स्वयंपाक करूच देत नाहीत. आम्ही शेजारी पाण्याची बादली आणि ओलं पोतं ठेवलं होतं.

पहिल्या रात्री मटण. मसाला दोन्ही रिंग मध्यम ठेवून भाजला, बावीस मिनिटांत तेल सुटलं, कुठेही जळलं नाही. सासऱ्यांनी सराटा स्वतःच्या हातात घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. उकळी आल्यावर बाहेरची रिंग बंद. सव्वा तासात झालं. नऊ वाजता सगळे पंगतीत होते, पोरंसुद्धा. खिंडसीची रात्र मला आठवत होती आणि मी जेवता जेवता उठून काकांसाठी फोटो काढून ठेवला.

पुऱ्यांनाही आच पुरली, एका वेळी सहा.

तिसऱ्या दिवशी पहाटे गाडीतल्या थर्मामीटरवर ७ अंश. पहिल्या सिलेंडरमध्ये काट्याप्रमाणे ९०० ग्रॅम उरले होते. चहा आणि पोह्यांना लावलं तर बाहेरची रिंग नुसती निळी रेघ. सिलेंडरला खालून दोन बोटं दव. भाऊ म्हणाला गरम पाणी ओतू. मी नको म्हटलं, दुसरं सिलेंडर लावलं. दुपारी ऊन आल्यावर तेच पहिलं सिलेंडर व्यवस्थित पेटलं आणि त्यावर कुकरमध्ये डाळ-तांदूळ झाले. अगदी वर लिहिलंय तसंच. तीन दिवसांत एकूण साडेसहा किलो गॅस लागला.


उष्मागतिकी_४४०
२५ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

उकळतं पाणी ओतलं नाहीत हे उत्तम. अगदीच गरज पडली तर टबात कोमट पाणी, हाताला सोसेल इतकंच, आणि सिलेंडर उभं. आडवं कधीच नाही, आडवं केलं की द्रव गॅस पाइपात येतो.


चुलीवरची_चव
२५ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

कुकर कामाला आला म्हणायचा! आम्ही संक्रांतीच्या आठवड्यात उमरेडच्या बाजूला शेतावर हुरड्याला जातोय, अठरा जण. वांग्याचं भरीत आणि रोडगे निखाऱ्यावर होतील, पण पाटवडीचा रस्सा आणि अठरा माणसांचा चहा आमच्या घरच्या शेगडीवर नाही निभणार. तीन दिवसांसाठी तुमची डबल रिंग मिळेल का?


बेसारोडची_भटकी
२५ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

नक्की न्या ताई. सिलेंडर तुमचं आणा, पाइप आणि रेग्युलेटर सोबत देते. वायसर बघून मगच लावा. गंज हवा असेल तर तोही आहे.